दारूबंदीच्या काळातली जिन कॉकटेल, आपल्या स्वयंपाकघरात

घरात जिनची बाटली आली की तिचं नशीब ठरलेलं असतं. पहिल्या शनिवारी टॉनिक, दुसऱ्या शनिवारी टॉनिक, तिसऱ्या शनिवारी टॉनिक संपलेलं असतं म्हणून लिंबाच्या चवीचं कुठलंतरी गोड पेय, आणि मग बाटली कपाटात मागे सरकते. माझ्याकडे अशी एक अर्धी बाटली दीड वर्ष पडून होती. ती संपवायच्या निमित्ताने जुनी कॉकटेल करून बघायला लागले, तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळाशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या जिन कॉकटेलांना लागणारं बहुतेक सामान आपल्या घरात आधीपासूनच असतं. लिंबू, साखर, मध, पुदिना, सोडा, बर्फ.

आणखी एक गोष्ट कळली. या सगळ्यांच्या मुळाशी एकच हिशेब आहे आणि आमटी करणाऱ्या कुणालाही तो येतो: चिंच किती आणि गूळ किती. आंबट पुढे गेलं तर गूळ वाढवा, गोड झालं तर चिंच, पण दोघांनी मिळून डाळीची चव मारायची नाही. इथे डाळीच्या जागी जिन आहे, एवढंच.

आधी इतिहास, कारण त्यात एक गफलत आहे

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा होता. गंमत म्हणजे नुसतं पिणं हा गुन्हा नव्हता. चोरट्या धंद्यात जिनची चलती होण्याचं कारण साधं आहे. व्हिस्की पिंपात वर्षानुवर्षं मुरावी लागते, जिनला मुरण्याची गरज नसते. कारखान्यातलं अल्कोहोल मिळवायचं, त्यात पाणी, जुनिपरचं तेल आणि थोडं ग्लिसरीन घालायचं, की झाली ‘बाथटब जिन’. उंच बाटल्या बेसिनच्या नळाखाली मावत नसत, म्हणून त्या न्हाणीघरातल्या टबाच्या नळाखाली भरल्या जायच्या आणि त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

यापुढे नेहमी ऐकू येतं ते वाक्य असं: ती जिन इतकी भिकार होती की तिची चव लपवायला लोकांनी कॉकटेल शोधली. हे अर्धंच खरं आहे. ‘एव्हिएशन’ हे नावाजलेलं कॉकटेल न्यूयॉर्कच्या ह्यूगो एन्सलिन या बारटेंडरने १९१६ मध्येच छापलं होतं. ‘लास्ट वर्ड’ त्याच सुमाराला डेट्रॉइट अ‍ॅथलेटिक क्लबच्या मेनूवर होतं. आणि बाकीची बरीचशी तयार झाली ती अटलांटिकच्या पलीकडे, जिथे बंदी नव्हतीच. अमेरिकेत काम केलेला हॅरी क्रॅडॉक १९२० मध्ये लंडनला परतला, सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये उभा राहिला, आणि १९३० मध्ये त्याचा जो पाककृतींचा संग्रह निघाला तो आजही बारटेंडरांच्या हाताशी असतो. पॅरिसमध्ये रिट्झ हॉटेलात फ्रँक मायर होता, आणि स्वतःच्या बारमध्ये हॅरी मॅकेलहोन. तहानलेले अमेरिकन जहाजाने तिकडे जायचे आणि चांगल्या जिनची कॉकटेल प्यायचे.

नवशिक्याने यातून घ्यायचं ते हे की ‘कॉकटेलात काय, कुठलीही जिन चालते’ हा समज सोडून द्यायचा. या पाककृतींत सामान इतकं कमी आहे की वाईट जिन लपायला जागाच नाही.

दोन इशारे, आणि मग पुढे

घरी दारू गाळायची नाही. औषधाच्या, सॅनिटायझरच्या किंवा कारखान्याच्या अल्कोहोलपासून काहीही बनवायचं नाही. त्या काळी औद्योगिक अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानेच त्यात मिथेनॉलसारखी विषं मिसळली जायची. चोरटे ते पुन्हा शुद्ध करायला बघायचे, पण विष पुरतं निघत नसे. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये त्याने कित्येकांचे जीव घेतले आणि शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी सरकारला उघडपणे जबाबदार धरलं. आपल्याला फार लांब जायला नको. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, तीही मिथेनॉलनेच. चवीवरून ते ओळखता येत नाही.

दुसरा इशारा कायद्याचा. आपल्याकडचा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि जिनसारख्या तीव्र मद्यासाठी वय २५ पूर्ण असावं लागतं. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर पूर्ण बंदी आहे. गोव्याहून परतताना ‘तिकडे स्वस्त मिळाली’ म्हणून डिकीत बाटल्या टाकून आणायच्या असतील तर त्यालाही परवाना हवा, नाहीतर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर सुट्टीचा शेवट कडवट होतो.

पायरी पहिली: बाटली

लेबलवर ‘लंडन ड्राय’ लिहिलेली जिन घ्या. हा शैलीचा शिक्का आहे, लंडनशी त्याचा संबंध असेलच असं नाही. अशा जिनमध्ये जुनिपरची चव पुढे असते आणि ती गोड केलेली नसते. जुनिपर म्हणजे आयुर्वेदातली हपुषा. वास थोडा देवदारासारखा, थोडा राळेसारखा. गुलाबी, संत्र्याची, स्ट्रॉबेरीची जिन सुरुवातीला टाळा, कारण त्यांची गोडी आपला हिशेब चुकवते.

महागडी आयात बाटली लागतेच असं नाही. २०१७ मध्ये गोव्यातून ‘ग्रेटर दॅन’ बाजारात आली आणि त्यामागोमाग भारतीय जिनची रांग लागली. त्यांतली कुठलीही साधी कोरडी जिन या लेखातल्या सगळ्या कॉकटेलांना पुरेल. एकच कसोटी: बाटली उघडून चमचाभर जिन तेवढ्याच पाण्यात मिसळून चाखा. सुगंध आला आणि घसा खरवडला नाही, तर बाटली पास.

पायरी दुसरी: हत्यारं, म्हणजे जी आहेत तीच

शेकर विकत घ्यायची घाई नको. रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी चालते. व्यायामवाल्यांचा प्रोटीन शेकर तर उत्तमच, फक्त त्याचा जुना वास सोडा आणि गरम पाण्याने घालवा, नाहीतर कॉकटेलला व्हॅनिला पावडरीचा दर्प येतो. स्टीलचा डबा मात्र नको. त्याचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. थंडीने ते आधी आकसून घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि चौथ्या झटक्याला उडतं. हे मी भिंतीवरच्या डागाकडे बघून लिहिते आहे.

गाळायला चहाची गाळणी. पण चहाची वेगळी आणि ही वेगळी ठेवा. ढवळायला लांब दांड्याचा चमचा. सोलाणं असेल तर लिंबाची साल काढायला उपयोगी.

मापाबाबत मात्र तडजोड नाही. अंदाजाने ओतणारा माणूस पार्टीत लोकप्रिय असतो, पण त्याचं कुठलंच कॉकटेल दुसऱ्यांदा तसंच होत नाही. सुदैवाने आपलं पेगचं माप इथे अगदी चपखल बसतं. जुन्या पाककृती औंसात असतात आणि एक औंस जवळजवळ ३० मिली, म्हणजे आपला स्मॉल. दोन औंस म्हणजे ६० मिली, आपला लार्ज. पाऊण औंस म्हणजे पाऊण स्मॉल, सुमारे २२ मिली. पेगचं माप नसेल तर केक करणाऱ्यांचे मोजणीचे चमचे घ्या: मोठा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. पाऊण स्मॉल म्हणजे दीड मोठा चमचा. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं झाकणसुद्धा चालतं.

पायरी तिसरी: पाक, लिंबू, बर्फ

पाक म्हटला की आपला हात आपोआप एकतारीकडे जातो. तो आवरा. इथे तार येऊच द्यायची नाही. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळी फुटायच्या आत गॅस बंद. गार करून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात टिकतो.

मधाचाही पाकच करायचा. दोन भाग मध, एक भाग कोमट पाणी, ढवळून एकजीव. मी पहिल्यांदा शहाणपणा करून मध तसाच बरणीत घातला. बर्फ लागताच तो गोठून तळाशी चिकटला, पेय आंबटढाण झालं, आणि धुताना बरणीच्या बुडाशी सगळा मध जसाच्या तसा मिळाला.

लिंबाचं थोडं समजून घ्यायला हवं. अमेरिकन पाककृतीतलं पिवळं मोठं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू हे वेगळे प्रकार. आपलं लिंबू तिकडच्या हिरव्या ‘लाइम’च्या कुळातलं. आंबटपणा साधारण सारखाच, त्यामुळे माप तेच ठेवून अदलाबदल चालते. फक्त आपल्या लिंबाचा वास जास्त तिखट आणि चव किंचित कडसर. मी आधी मापाला थोडं कमी घालते आणि चाखून वाढवते. पाऊण स्मॉल रसासाठी मध्यम आकाराची दीड-दोन लिंबं धरा. पिळण्याआधी लिंबू ओट्यावर तळहाताने दाबून फिरवा. आणि अगदी सालीपर्यंत पिळू नका, रस कडू होतो. बाटलीतला तयार रस नको, आदल्या दिवशी पिळलेलाही नको. लिंबाचा रस काही तासांतच शिळा लागायला लागतो.

बर्फ हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित घटक. तो पेय थंडही करतो आणि त्यात पाणीही सोडतो, आणि ते पाणी पाककृतीचाच भाग आहे. हलवलेल्या कॉकटेलमध्ये साधारण एक चतुर्थांश पाणी बर्फातून येतं; ते नसेल तर पेय बोचतं. म्हणून बर्फ भरपूर घ्या, निम्म्याहून जास्त बरणी भरेल इतका. दोन-तीन खडे टाकले तर ते भराभर वितळतात, पेय पाणचट होतं आणि थंडही होत नाही. खडे मोठे आणि कोरडे हवेत, थेट फ्रीझरमधून काढलेले. शिवाय बर्फ वास पकडतो. ट्रेशेजारी सुक्या बोंबलांची पिशवी असेल तर तिची सोय आधी दुसरीकडे करा. (बोंबलांविषयी माझी तक्रार नाही. ते कॉकटेलबरोबर बशीत चालतील, कॉकटेलमध्ये नको.)

ग्लास दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. चित्रातला उंच दांड्याचा बसका ग्लास नसला तरी चालतो, पण ग्लास छोटा हवा. आजच्या मोठाल्या ग्लासांत हे पेय बिचारं दिसतं आणि मग माणूस ते भरायला जातो.

पायरी चौथी: एक सूत्र

एक लार्ज जिन, पाऊण स्मॉल आंबट, पाऊण स्मॉल गोड.

हे पाठ करा. पुढची जवळजवळ सगळी कॉकटेल म्हणजे या ओळीतला एखादा शब्द बदलणं आहे. गोडाच्या जागी मधाचा पाक आला की एक नाव, साखरेबरोबर पुदिना आला की दुसरं, संत्र्याचं लिकर (म्हणजे गोड, चवदार मद्य) आलं की तिसरं.

आणि एक नियम: रस असेल तर हलवायचं, नुसतं मद्य असेल तर ढवळायचं. रस, पाक आणि जिन एकजीव व्हायला जोर लागतो. मार्टिनीसारख्या पेयात तो जोर लावला तर ते गढूळ होतं.

आता करायला घेऊ

पहिल्या संध्याकाळी जिन रिकी करा. हे दारूबंदीच्याही आधीचं, १९ व्या शतकाच्या शेवटचं, वॉशिंग्टन शहरातलं पेय. याला शेकरसुद्धा लागत नाही. उंच ग्लास बर्फाने भरा, एक लार्ज जिन ओता, अर्धं लिंबू पिळा, वर थंड सोडा, एकदाच हलकं ढवळा. साखर नाही. लिंबू-सोडा आपल्याला कुणी शिकवायला नको, पण साखर-मिठाशिवाय तो पिऊन बघा. मे महिन्यात घामाने भिजून घरी आल्यावर याच्याइतकं कोरडं, स्वच्छ दुसरं काही लागत नाही. जिन कशी आहे हेही इथेच उघडं पडतं.

मग बीज नीज. मराठीत वाचलं तर बियाणं झोपलंय असं वाटतं, पण अर्थ आहे ‘मधमाशीचे गुडघे’. विसाच्या दशकातल्या अमेरिकन बोलीत एकदम झकास गोष्टीला असं म्हणायचे. हे कॉकटेल बहुतेक वेळा पॅरिसच्या फ्रँक मायरच्या नावावर टाकलं जातं. नवशिक्यासाठी माझ्या मते यापेक्षा चांगला धडा नाही, म्हणून हे जरा सावकाश सांगते.

१. बरणीत आधी लिंबाचा रस आणि मधाचा पाक घाला, प्रत्येकी पाऊण स्मॉल. स्वस्त गोष्टी आधी. माप चुकलं तर लिंबू वाया जाईल, जिन नाही.

२. एक लार्ज जिन घाला. बर्फ घालण्याआधी चमच्याच्या टोकाने चाखा. या वेळी ते जास्त आंबट, जास्त गोड आणि जास्त कडक, सगळंच लागायला हवं. पाणी अजून यायचं आहे.

३. बर्फ भरा, झाकण घट्ट लावा, एक हात झाकणावर आणि एक बुडाशी. खांद्यापाशी धरून जोरात हलवा, दहा-बारा सेकंद. नाजूकपणे डुलवू नका. बर्फ एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आपटल्याचा आवाज आला पाहिजे. बाहेरून बरणीवर दव धरलं आणि हाताला झोंबायला लागलं की झालं.

४. थंड ग्लासात चहाच्या गाळणीतून गाळा. बरणीतला बर्फ टाकून द्या, तो पुन्हा वापरायचा नाही.

५. लिंबाच्या सालीची पातळ चकती पेयावर धरून चिमटा, म्हणजे तिचं तेल वर उडेल. मग ती साल आत टाका किंवा टाकू नका.

चाखा. तोंड आंबलं तर पुढच्या वेळी पाक चमचाभर वाढवा. सरबतासारखं गुळगुळीत लागलं तर रस वाढवा. मधाच्या जातीनेही फरक पडतो. महाबळेश्वरचा गडद मध सुरेख असतो, पण तो जिनला गिळून टाकतो. तो वापरताना मी पाक पाऊण स्मॉलऐवजी अर्धा स्मॉलच घेते.

साउथसाइड म्हणजे याचंच पुदिन्याचं भावंड. मधाच्या जागी साखरेचा पाक आणि सात-आठ पुदिन्याची पानं. याच्या जन्माच्या दोन कथा आहेत. एकीत शिकागोच्या दक्षिण भागातले गुंड आहेत, दुसरीत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा साउथसाइड नावाचा श्रीमंतांचा क्लब. गुंडांची कथा जास्त खपते, मला क्लबाची जास्त पटते. करताना एकच काळजी घ्या: पुदिना कुटायचा नाही, चटणी करायची नाहीये. पानं तळहातांत ठेवून एक टाळी वाजवा, बरणीत टाका आणि बाकीचं नेहमीसारखं. बर्फच हवं तेवढं चेचतो. जास्त चेचलेला पुदिना हिरवट कडू उतरतो. गाळणी इथे खरी कामाला येते, नाहीतर दातांत पानांचे कण.

व्हाइट लेडीसाठी एक जादा बाटली लागते, संत्र्याच्या सालीच्या लिकरची. क्वांत्रो किंवा ‘ट्रिपल सेक’ लिहिलेली कुठलीही. हॅरी मॅकेलहोनने १९१९ मध्ये लंडनमध्ये या नावाचं पहिलं पेय केलं त्यात जिन नव्हतीच, पेपरमिंटचं लिकर होतं. दहाएक वर्षांनी पॅरिसमध्ये त्याने जिन आणली. क्रॅडॉकचं प्रमाण सोपं आहे: दोन भाग जिन, एक भाग लिकर, एक भाग लिंबू. आपल्या मापात जिन ४५ मिली, बाकी दोन्ही पाऊण स्मॉल. क्वांत्रोसारखं लिकर जवळजवळ जिनइतकंच कडक असतं, म्हणून इथे जिनचा लार्ज घ्यायचा नाही.

आजकाल यात अंड्याचा पांढरा भाग घालून फेस आणतात. क्रॅडॉकच्या पाककृतीत तो नाही, त्यामुळे न घातल्याचं वाईट वाटून घेऊ नका. फेस हवा असेल आणि कच्चं अंडं नको असेल, तर बिनमिठाचे छोले उकडल्यावर उरलेलं दाटसर पाणी घ्या, मोठे दोन चमचे. कटाच्या आमटीसाठी आपण डाळीचा कट काढतो, त्याच जातीचं हे पाणी. आधी बर्फाशिवाय अर्धं मिनिट हलवा, मग बर्फ घालून पुन्हा. छोल्यांचा वास येतो का? ग्लासात नाकाजवळ किंचित येतो. वर चिमटलेली लिंबाची साल त्याचा बंदोबस्त करते.

फ्रेंच ७५ पाहुण्यांसाठी राखून ठेवा. नाव फ्रेंच सैन्याच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेवरून आलंय, आणि पिणाऱ्याला ते का हे दुसऱ्या ग्लासानंतर कळतं. एक स्मॉल जिन, अर्धा स्मॉल लिंबू, अर्ध्या स्मॉलपेक्षा थोडा कमी पाक, बर्फासह हलवून उभ्या ग्लासात गाळायचं आणि वर ६० ते ९० मिली थंडगार स्पार्कलिंग वाइन. शॅम्पेनच हवी असा हट्ट नको. नाशिकची स्पार्कलिंग वाइन यात छान बसते, फक्त लेबलवर ‘ब्रूट’ बघून घ्या, म्हणजे ती कोरडी असते. आणि वाइन बरणीत घालून हलवायची नाही. वरच्या भिंतीवरच्या डागाशेजारी पडद्यावरही एक डाग आहे, तो याचा.

मार्टिनीचं थोडक्यात. एक लार्ज जिन, अर्धा स्मॉल ड्राय वर्मूथ, भरपूर बर्फात अर्धं मिनिट शांतपणे ढवळून गाळायचं. वर्मूथ ही वाइन आहे हे लक्षात ठेवा. उघडल्यावर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. कपाटात वर्षभर राहिलेलं वर्मूथ घालून मार्टिनीला नावं ठेवणारे बरेच भेटतात.

लास्ट वर्ड, एव्हिएशन, कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर दोन यांची नावं ऐकून हुरूप आला तरी थांबा. लास्ट वर्डला हिरवं शार्त्रूज लागतं. ते फ्रान्समधले कार्थुसियन साधू १३० वनस्पतींपासून करतात, त्यांनी उत्पादनाला मर्यादा घातली आहे, आणि आपल्याकडे बाटली मिळालीच तर किंमत ऐकून तहान जाते. एव्हिएशनला व्हायोलेटच्या फुलांचं लिकर हवं. ही कॉकटेल एखाद्या चांगल्या बारमध्ये आधी चाखा, आवडली तर बाटलीचा विचार करा.

किती?

हे हलकं, लिंबाळ, गार लागतं, आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या जिनच्या एका लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. मध आणि पुदिन्याने त्यातलं एक ग्रॅमही कमी होत नाही. माझी पद्धत म्हणजे दोन ग्लास, मध्ये पाणी, सोबत खारे दाणे किंवा काहीतरी पोटभरीचं, आणि गाडीची किल्ली त्या रात्री दुसऱ्याकडे. दुसरा ग्लास करायचा तर सगळी मापं निम्मी घेऊनही करता येतो, सूत्र तेच राहतं.

सहा जण येणार असतील तर

प्रत्येकासाठी वेगळं हलवत बसलात तर सगळी संध्याकाळ ओट्याशीच जाते. बीज नीज एकत्र करून ठेवता येतं: जिन ३६० मिली, मधाचा पाक १३५, लिंबाचा रस १३५, आणि बर्फातून आलं असतं तेवढं पाणी, १५० मिली. पाणी न विसरता घाला. सगळे तेच विसरतात. लिटरच्या काचेच्या बाटलीत भरून त्याच दिवशी दुपारी फ्रिजमध्ये ठेवा, पाहुणे यायच्या अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये. ओतण्याआधी बाटली उलटीसुलटी करा, कारण मध खाली बसतो.

आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पोरांचा हात पोचणार नाही अशा कप्प्यात. आमच्याकडे एकदा शेजारचे काका सोसायटीच्या मीटिंगची नोटीस द्यायला आले आणि घरातल्या कुणीतरी त्यांना फ्रिजमधलं ‘लिंबू सरबत’ दिलं. काकांनी एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, “मध महाबळेश्वरचा दिसतोय.”